तपासणी एडीएचडीची, वय वर्षं बावीस

शाळेच्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या तक्त्याखाली ‘शेरा’ नावाची एक ओळ असते. ‘हुशार आहे, पण चंचल.’ ‘लक्ष दिल्यास प्रगती होईल.’ ‘वर्गात फार बोलते.’ वडील सही करतात आणि पुस्तक माळ्यावरच्या पेटीत जातं. बारा-पंधरा वर्षांनी तेच पोर जळगाव किंवा धुळ्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसतं आणि म्हणतं, ‘मला एडीएचडी आहे का ते बघायचंय.’ मग डॉक्टर मागतात ते हेच पुस्तक. घरच्यांना वाटत असतं, आता एमआरआय सांगतील, रक्त काढतील. पण एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांचा विकार, दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, आणि स्कॅनवरूनही त्याचं निदान होत नाही.

निदान होतं ते माणसाच्या आजवरच्या वागण्याचा माग काढून. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३च्या नियमावलीत अवधानाच्या अभावाची नऊ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची नऊ अशी लक्षणं दिली आहेत. लहान मुलात एका गटातली किमान सहा दिसावी लागतात, सतरा वर्षं किंवा त्यापुढच्या व्यक्तीत पाच पुरतात. मात्र ती निदान सहा महिने टिकलेली हवीत, घर आणि कॉलेज अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, त्यांच्यामुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा यायला हवा आणि त्यातली काही तरी बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावीत. आधीच्या नियमावलीत ही मर्यादा सात वर्षांची होती. तरुणांच्या तपासणीत बहुतेकांचं गाडं या बाराव्या वर्षाच्या अटीवर अडतं. दहा वर्षांचे असताना आपण कसे होतो, हे बावीस वर्षांच्या माणसाला नीट सांगता येत नाही. ते आईला सांगता येतं, आजीला येतं, आणि शेऱ्याच्या त्या ओळीला येतं.

मग शाळेतच हे कोणाच्या लक्षात का आलं नाही? याचं उत्तर आपल्या घरांच्या रचनेत आहे. दहावीपर्यंत आई शेजारी बसून अभ्यास घेते, क्लासचे सर गैरहजेरी घरी कळवतात, दप्तर मोठी बहीण भरून देते. पोराच्या डोक्यात वेळेचं आणि कामाच्या क्रमाचं जे भान कमी असतं, ते घर बाहेरून पुरवतं. नव्वद टक्के पडतात. पेढे वाटले जातात. मग इंजिनिअरिंगला पुणे किंवा स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठ. तिथे उठवायला कोणी नाही, फॉर्मची शेवटची तारीख सांगायला कोणी नाही. पहिल्या वर्षाला तीन विषय राहतात, दुसऱ्या वर्षी पाच. घरी निघणारा निष्कर्ष ठरलेला असतो: पुण्याचं वारं लागलं, मोबाइल नडला, पोरगं आळशी झालं. एडीएचडी विशीत अचानक उगवत नाही. ते आधीपासून असतं. विशीत फक्त त्याच्याभोवतीचा आधार निघून जातो.

मुलींच्या बाबतीत हे आणखी उशिरा कळतं. बाकावर शांत बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याबद्दल तक्रारही येत नाही. ती घरात वेंधळी ठरते, गॅसवर दूध ठेवून विसरणारी ठरते, आणि सासरी कसं व्हायचं या काळजीत ते प्रकरण मिटवलं जातं. तिच्या प्रगतिपुस्तकात ‘चंचल’ हा शब्द सापडेलच असं नाही. तिथे डॉक्टरांना वेगळं विचारावं लागतं: परीक्षेत प्रश्न अर्धवट वाचून उत्तर लिहायची का, छत्र्या किती हरवल्या, गोष्टीचं पुस्तक शेवटपर्यंत जायचं का.

गेल्या काही वर्षांत या तपासणीसाठी स्वतःहून येणारी तरुण मुलं वाढली, त्यात सोशल मीडियाचा वाटा मोठा आहे. मल्याळम अभिनेते फहाद फासिल यांनी २०२४ मध्ये, आपल्याला वयाच्या ४१व्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं, असं जाहीरपणे सांगितलं. त्याच्याही क्लिप फिरल्या. ‘रील बघून आजार शोधतात’ असं म्हणून या मुलांना हसण्यात अर्थ नाही. रीलने एखाद्या मुलाला दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं असेल, तर तेवढं काम तिने चांगलं केलं. दाराच्या आतलं काम मात्र तिचं नव्हे. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज प्रौढांमध्ये सुमारे अडीच टक्के असा आहे. म्हणजे शंभर जणांच्या वर्गात दोन-तीन. चाव्या मात्र शंभरातल्या सगळ्यांच्याच हरवतात.

आता जायचं कुठे? धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, चक्करबर्डीला. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं. लोक अजूनही त्याला ‘सिव्हिल’च म्हणतात. दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी चालते. जळगावचं डॉ. उल्हास पाटील आणि धुळ्याचं एसीपीएम ही खासगी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, शिवाय दोन्ही शहरांत खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तरी कित्येक घरं जळगावहून छत्रपती संभाजीनगर आणि धुळ्याहून नाशिक गाठतात. कारण उपचाराचा दर्जा हेच असतं असं नाही. ओळखीचं कोणी बाकावर दिसू नये आणि सोयरिकीच्या वेळी विषय निघू नये, हेही असतं. ती भीती खोटी म्हणता येणार नाही. पण कायदा इथे रुग्णाच्या बाजूने आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, म्हणजे २०१७च्या कायद्याने, उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. अठरा वर्षांवरच्या मुलाची माहिती डॉक्टर त्याच्या संमतीशिवाय काका-मामांना तर सोडाच, साधारणपणे वडिलांनाही सांगत नाहीत.

माझं मत विचाराल तर पहिली तपासणी आपल्याच जिल्ह्यात करावी. ही एका भेटीत संपणारी गोष्ट नाही, आणि दर भेटीला आईला सोबत घेऊन नाशिकपर्यंत दीडशेच्या वर किलोमीटर जाणं फार दिवस जमत नाही. दुसऱ्या भेटीनंतर खाडा पडतो आणि अर्धवट निदान तसंच राहतं.

सरकारी ओपीडीची खरी अडचण वेळेची. देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. नेहमी सांगितला जाणारा आकडा ०.७५ आहे. सकाळच्या गर्दीत स्किझोफ्रेनियाचे, नैराश्याचे, दारूचे रुग्ण असतात आणि त्यांची निकड तुमच्याहून मोठी असते. त्यामुळे पहिल्या दिवशी केसपेपर काढून एवढंच सांगावं: ‘लहानपणापासून लक्ष लागत नाही, एडीएचडीसाठी सविस्तर तपासणी हवी आहे, निवांत वेळ कधी मिळेल?’ प्रौढांच्या एडीएचडीचं काम नेहमी करता का, हेही नम्रपणे विचारावं. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. अनेकांनी शिक्षण घेतलं तेव्हा हा मुलांचाच आजार मानला जात होता. पहिलं पाऊलच टाकवत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या मोफत सेवेवर मराठीत बोलता येतं. तिथे निदान होत नाही, पण पुढे कुठे जायचं ते कळतं.

कोणाकडे जातो आहोत, हेही बघून घ्यावं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध तेच लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, मुलाखत घेतात, अहवाल लिहितात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. पाटीवर नुसतं ‘समुपदेशक’ असेल तर ती व्यक्ती बोलण्याने मदत करू शकेल, पण निदानाची जबाबदारी तिच्यावर टाकू नये. बोटांच्या ठशांवरून मेंदू वाचून देतो म्हणणाऱ्यांना तर पैसेच देऊ नयेत.

प्रत्यक्ष तपासणीत सुरुवातीला बहुधा एक प्रश्नावली मिळते. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस ही अठरा प्रश्नांची यादी जास्त प्रचलित आहे. तिचे पहिले सहा प्रश्न चाळणीचे. हीच यादी मोबाइलवर भरून ‘माझा स्कोअर आला’ असं सांगत मुलं येतात. चाळणीत अडकलं म्हणजे खडाच असेल असं नाही. पुढची मुलाखत महत्त्वाची. डिवा-५ सारख्या ठरावीक आराखड्याने घेतली तर ती तास-दीड तास चालते, आणि प्रत्येक लक्षण दोनदा विचारलं जातं: आज कसं आहे आणि लहानपणी कसं होतं. इथे आईचं बोलणं लाखमोलाचं. मात्र तिला ‘अवधान टिकवण्यात अडचण येत होती का’ असं पुस्तकी विचारलं तर ती ‘नाही’ म्हणून मोकळी होते. ‘मावशी, किराणा आणायला पाठवलं तर हा किती वस्तू आणायचा आणि किती विसरायचा?’ असं विचारलं की ती अहिराणीत सुरू होते आणि डॉक्टरांना हवं ते सगळं त्यात येतं. शेजारी बसलेले वडील मध्येच हसून म्हणतात, ‘मीही असाच होतो.’ ते वाक्यही नोंदवण्याजोगं असतं. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे; जुळ्यांवरच्या अभ्यासांतून तो सत्तर टक्क्यांच्या पुढे निघतो.

मुलाखतीचा दुसरा अर्धा भाग याच्या उलट दिशेने जातो: हे एडीएचडी नसून दुसरंच काही आहे का? थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी सांगतात ती यासाठी. नैराश्यात लक्ष लागत नाही, चिंतेत लागत नाही, गांजा आणि दारूनेही लागत नाही. पण नैराश्य कधीतरी सुरू झालेलं असतं, त्याला आधी आणि नंतर असतं; एडीएचडीला असं ‘आधी’ सापडत नाही. आणि झोप. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात शेतीपंपाला वीज रात्री मिळते त्या आठवड्यात घरातला तरुण पोरगाच मोटार चालू करायला मळ्यात जातो. रात्री दोनला उठणाऱ्याचं सकाळी दहाच्या तासाला लक्ष नसेल, तर त्याला आधी झोप द्यावी, मग प्रश्नावली. अर्थात एडीएचडी आणि नैराश्य दोन्ही एकाच माणसात असू शकतात, बऱ्याचदा असतातही. वर्षानुवर्षं ‘आळशी’ ऐकलेल्या माणसाचं मन खचलेलं नसेल तरच नवल. जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार मनात येत असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगावं, यादीतल्या अठराव्या प्रश्नापर्यंत थांबू नये.

लेखी अहवाल मागून घ्यावा. त्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे नाही, यावरून मात्र फार गैरसमज आहेत. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे, ऑटिझम आहे. एडीएचडीचं नाव नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीच्या अहवालावर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा आरक्षण मिळत नाही. मात्र एडीएचडीसोबत वाचन-लेखनाची किंवा गणिताची अध्ययन अक्षमता अनेकांना असते. तशी शंका असेल तर तिची वेगळी तपासणी सांगावी, कारण सवलतींचा रस्ता तिकडून जातो. ‘तारे जमीन पर’ २००७ मध्ये आला तेव्हापासून डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला, आणि लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात. त्या एक नाहीत.

निदान झालं तर औषध घ्यायचं की नाही, हा पुढचा निर्णय. कामाची आखणी शिकवणारी थेरपी, झोपेची शिस्त, व्यायाम यांनी काहींचं भागतं, बऱ्याच जणांना गोळीही लागते. मिथिलफेनिडेट हे मुख्य औषध तासाभरात काम करायला लागतं. भूक कमी होणं, झोप उडणं, नाडी वाढणं हे त्याचे त्रास. म्हणून आधी रक्तदाब, वजन आणि हृदयाची माहिती घेतात. घरात कोणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल तर ते सांगायलाच हवं. दुसरं औषध ॲटोमोक्सेटिन. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण ते मिळायला सोपं आहे.

मिथिलफेनिडेट मिळवणं मात्र खटपटीचं. ते औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये मोडतं: चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची, साठा कुलपात ठेवायचा, परवाना वेगळा. एवढा व्याप सांभाळणारी मेडिकल दुकानं मोठ्या शहरातही थोडी असतात, तर चोपडा किंवा शिरपूरचं काय सांगावं. शिवाय मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्यूल एक्सची औषधं ऑनलाइन सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांशी व्हिडिओवर बोलून निदान पदरात पडलं तरी या गोळीसाठी समोर बसूनच चिठ्ठी घ्यावी लागते. म्हणून डॉक्टरांच्या टेबलावरून उठण्याआधीच विचारावं, हे औषध शहरात कोणत्या दुकानात असतं. त्या दुकानाला फोन लावावा, साठा आहे का बघावं, आणि महिन्याच्या शेवटच्या गोळीच्या आठ दिवस आधीची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवावी. ते काम पेशंटवर सोपवू नये. विसरणं हाच त्याचा आजार आहे. गजर आईच्या फोनवर लावावा.