मुक्कामातून उभा राहिलेला व्यवसाय

कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर इंग्लिश हार्बर नावाचे बंदर आहे. मुख अरुंद, भोवती टेकड्या आणि आतील पाणी शांत. चक्रीवादळाच्या दिवसांतही येथे जहाजांना निवारा मिळे. म्हणूनच ब्रिटिश आरमाराने अठराव्या शतकात येथे गोदी उभारली. लांबच्या प्रवासात जहाजांच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटत आणि किडे लाकूड पोखरीत. येथे मोठी रहाटे फिरवून, दोरखंडांनी ओढून जहाज एका कुशीवर कलते केले जाई व त्याचा तळ खरवडून दुरुस्त केला जाई.

1784 ते 1787 या काळात तरुण कप्तान होरेशियो नेल्सन या ठाण्यावर होता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या अमेरिकेच्या जहाजांना ब्रिटिश बेटांशी व्यापार करण्यास कायद्याने मनाई होती. बेटांवरील व्यापाऱ्यांना मात्र त्यांच्या धान्याची आणि लाकडाची गरज होती. नेल्सनने कायदा कसोशीने अमलात आणून जहाजे जप्त केली. व्यापाऱ्यांनी त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला आणि अटक टाळण्यासाठी त्याला कित्येक आठवडे जहाजावरच राहावे लागले. आज गोदीला नाव मात्र त्याचेच आहे.

वाफेची जहाजे आली, तशी गोदीची गरज सरली. 1889 मध्ये आरमार निघून गेले आणि इमारती ओसाड पडल्या. अशा अवस्थेत 1949 मध्ये ‘मॉलिहॉक’ ही जुनी शिडाची स्कूनर येथे येऊन थांबली. तिच्यावर आरमारातून निवृत्त झालेले कमांडर व्हर्नन निकोल्सन, त्यांच्या पत्नी एमी आणि रॉडनी व डेस्मंड हे दोन पुत्र होते. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता. पण बेटावर सुटीसाठी आलेल्या धनिक पाहुण्यांनी भाडे देऊन सागरी सफर घडवण्याची विनंती केली. नांगरलेले जहाज खर्चच करविते, फिरते जहाज कमावते. हे कुटुंबाने ओळखले. एका सफरीतून दुसरी मिळत गेली, इतरांच्या नौकाही भाड्याने देण्याचे काम हाती आले आणि पुत्रांसह एक पेढीच उभी राहिली. मुक्काम कायमचा झाला.

नौकांबरोबर पाहुणे आले आणि पडक्या इमारतींकडे लक्ष वळले. 1951 मध्ये जीर्णोद्धारासाठी संस्था स्थापन झाली. 1961 मध्ये सावरलेली गोदी लोकांसाठी खुली करण्यात आली. डेस्मंड यांनी पुढे बेटाच्या पुरातत्त्वाचा ध्यास घेतला आणि तेथील संग्रहालयाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. 2016 मध्ये युनेस्कोने ही गोदी जागतिक वारसा म्हणून जाहीर केली.

या गौरवाच्या हिशेबात एक जुने देणे आहे. युनेस्कोच्या नोंदीतही ते मान्य केले आहे: गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांच्या पिढ्यांच्या श्रमाविना ही गोदी उभी राहिलीच नसती. त्यांना मजुरी नव्हती आणि सोडून जाण्याची मुभाही नव्हती. 1 ऑगस्ट 1834 रोजी अँटिग्वातील गुलाम मुक्त झाले. त्या लोकांचे वंशज आज स्वतंत्र देशाचे नागरिक आहेत. आज या बंदरात नांगर टाकणाऱ्या नौकांमुळे शिडे शिवणारे, सुतार, खलाशी आणि दुकानदार अशा कित्येक घरांची चूल पेटते. ज्या जागी एकेकाळी पूर्वजांचे श्रम बळाने घेतले गेले, तेथे त्यांची संतती आता आपल्या कामाचे मोल स्वतः ठरवून घेते.