वजनाचा काटा अडतो तेव्हा

धडगावच्या डोंगरपाड्यांतली माणसं चढउतारामुळे सडपातळ, हा शहरी समज तिथल्या कुपोषणाकडे सोयीस्कर डोळेझाक करतो. शिवाय जास्त चालल्यानं एकूण ऊर्जाखर्च त्याच प्रमाणात वाढेलच असं नाही: टांझानियातल्या हाडझा शिकाऱ्यांचा रोजचा खर्च, देहाचं आकारमान जमेस धरता, पाश्चात्त्य शहरी माणसांइतकाच असल्याचं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्यात वजन कमी करू पाहणाऱ्याचं वजन थोडं उतरलं की हलक्या देहाला तोच चढ कमी कॅलरीत जमतो आणि शरीरही काटकसर करू लागतं. म्हणून सुरुवातीला पुरेसा ठरलेला आहार पुढे वजन उतरवत नाही, नुसतं टिकवतो. मग व्यायाम फुकट? मुळीच नाही, स्नायू राखायला आणि घटलेलं वजन पुन्हा चढू न द्यायला तोच लागतो. काटा अडला तर उपास धरू नका. अर्धी भाकरी कमी करा, वाटीभर डाळ मात्र ठेवा आणि चालणं सोडू नका.