आधी महिना, मग बेट

मालवणात नाहीतर हॅवलॉकला एकदा पाण्याखाली जाऊन आलेल्या माणसाला पुढचा प्रश्न पडतोच: परदेशात डायव्हिंगला कुठे जावं? उत्तरंही ठरलेली मिळतात. मालदीव, बाली, थायलंड. सांगणारा जरा जास्त वाचलेला असेल तर इंडोनेशियातलं राजा अंपात. यातलं एकही नाव चुकीचं नाही. घोळ होतो तो पुढे. तिकिटं काढली जातात मुलांच्या सुट्ट्या बघून किंवा विमान कंपनीचा सेल बघून, आणि त्या महिन्यात तिथला समुद्र कसा असतो हे विचारायचं राहून जातं.

‘पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर’

आपल्या किनाऱ्यापुरतं हे खरं आहे. जूनमध्ये होड्या वर ओढल्या जातात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुन्हा पाण्यात जातात. तारकर्ली-मालवणचं स्कूबाही पावसाळ्यात बंद असतं. हेच कॅलेंडर आपण नकळत सगळ्या उष्ण कटिबंधाला लावून टाकतो.

थंडीच्या दिवसांत वारे ईशान्येकडून येतात. महाराष्ट्रात ते जमिनीवरून येतात, म्हणून कोरडे. तेच वारे बंगालच्या उपसागरावरून किंवा दक्षिण चीन समुद्रावरून गेले की वाटेत बाष्प उचलतात आणि समोर जो पूर्व किनारा येईल त्याला झोडपून काढतात. म्हणून आपल्याकडे आकाश निरभ्र असताना, नोव्हेंबर-डिसेंबरात, श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीला पाऊस असतो आणि त्याच बेटाच्या दुसऱ्या अंगाला हिक्कडुवाचा समुद्र निवळत असतो. मे ते सप्टेंबर याच्या बरोबर उलट. देश एक, व्हिसा एक, पण किनारा चुकला तर आठवडा हॉटेलच्या खोलीत जातो.

थायलंडचंही तसंच. अंदमान समुद्रातला सिमिलान बेटांचं राष्ट्रीय उद्यान साधारण १५ मे ते १५ ऑक्टोबर चक्क बंद ठेवतात. पलीकडे आखातातलं को ताओ त्याच काळात चांगलं चालतं आणि नोव्हेंबरात बिघडतं. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेरहेंतियान बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ कुलूप लावून बसतात. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च.

आपल्या दोन मोठ्या सुट्ट्यांचा हिशेब यावरून मांडता येतो. मे महिना असेल तर बाली, को ताओ, पेरहेंतियान, त्रिंकोमाली. सिमिलानला तेव्हा दार बंद व्हायची वेळ झालेली असते आणि मालदीवमध्ये वारा बदलत असतो. दिवाळीत हे सगळं पालटतं. सिमिलान नुकतं उघडलेलं असतं, राजा अंपातचा हंगाम सुरू होत असतो, मालदीवचं पाणी निवळायला लागतं, आणि को ताओचं तिकीट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. दिवाळीत इजिप्तचा तांबडा समुद्रही उत्तम असतो. हुरघाडा आणि शर्म अल शेख काटेकोर भूगोलात कर्कवृत्ताच्या उत्तरेला पडतात, पण तिथल्या प्रवाळाला हा भूगोल कुणी शिकवलेला नाही. फेब्रुवारीत मात्र तिथलं पाणी २१-२२ अंशांपर्यंत उतरतं.

‘पाणी गढूळ म्हणजे सीझन वाया’

मालदीवच्या जाहिरातीत पाणी काचेसारखं असतं. जानेवारी ते एप्रिल ते बरंचसं तसं असतंही. पण मांटा रे आणि व्हेल शार्क हे दोघेही प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर जगतात, आणि प्लवक दाटले की पाणी धूसर होणारच. म्हणजे निळंशार पाणी आणि मांटांचा थवा या दोन्ही गोष्टी एकाच डाइव्हमध्ये मागणं जरा अतीच झालं.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, साधारण जून ते नोव्हेंबर, बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारू उपसागरात भरती आणि वारा जुळून आले की प्लवक कोंडले जातात आणि मांटा झुंडीने चरायला येतात. २०११ मध्ये युनेस्कोने बा अटॉलला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. इथे एक गोष्ट ठिकाण निवडतानाच माहीत हवी: हनिफारूमध्ये स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल लावून पाहायचं. मांटांसाठी डायव्हिंगचं पॅकेज घेऊन तिथवर पोचलेल्या माणसाला टाकी बोटीवरच ठेवावी लागते.

उलट ज्याला मोठ्या प्राण्यांपेक्षा प्रवाळाची आणि बारक्या जीवांची ओढ आहे, त्याने मालदीवचा हट्ट सोडून पूर्वेकडे जावं. जगात प्रवाळाच्या जितक्या जाती माहीत आहेत त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश इंडोनेशिया, फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनी या पट्ट्यात सापडतात. मालदीवच्या उथळ प्रवाळाने १९९८ मध्ये पाणी तापल्यामुळे फार मोठा मार खाल्ला, २०१६ मध्ये पुन्हा. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली. म्हणून ब्रोशरमधला रंगीत फोटो कोणत्या वर्षीचा, हे डाइव्ह सेंटरला खुशाल विचारावं.

‘उष्ण कटिबंध, म्हणजे पाणी कोमट’

नुसा पेनिडा हे बेट बालीपासून बोटीने अर्ध्या-पाऊण तासावर. जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत इथे मोला हा गाडीच्या टपाएवढा सूर्यमासा खोल पाण्यातून वर येतो, अंगावरचे परजीवी छोट्या माशांकडून साफ करून घ्यायला. तो वर येतो ते खालचं थंड पाणी वर येतं म्हणूनच. पृष्ठभागावर २६-२७ अंश असलेलं पाणी खाली एका रेषेपाशी एकदम बदलतं. ही रेषा डोळ्यांना दिसते. पाणी तिथे थरथरल्यासारखं होतं, आणि ती ओलांडली की १८-२० अंश. पातळ सूट घालून गेलेल्या माणसाचे दात तोंडातल्या रेग्युलेटरवर वाजायला लागतात, आणि कुडकुडणारा माणूस टाकीतली हवाही भराभर संपवतो. पाच मिलिमीटरचा सूट मागून घ्यावा.

थंडीपेक्षा प्रवाहाची काळजी जास्त. बाली आणि लोंबोक यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागरात उतरतं, आणि या बेटाच्या कडेने ते नदीसारखं धावतं. मालदीवच्या अटॉलांमधल्या खिंडी, कोमोडो, इथेही तोच प्रकार. ही ठिकाणं पन्नासाव्या डाइव्हची आहेत, पाचव्या डाइव्हची नाहीत.

‘मालवणात केलंय, म्हणजे येतं’

मालवणातली बुडी हा अनुभव असतो, प्रशिक्षण नव्हे. तिथे पोहता येत नसलं तरी चालतं, कारण आपली टाकी, आपली खोली आणि आपली भीती हे सगळं प्रशिक्षकाच्या हातात असतं. परदेशात स्वतंत्रपणे जोडीदाराबरोबर उतरायचं असेल तर ओपन वॉटरचं प्रमाणपत्र लागतं. थिअरी, पूल आणि समुद्रातल्या चार डाइव्ह, मिळून तीन-चार दिवस. वयाची अट दहा वर्षं, प्रौढांना खोलीची मर्यादा १८ मीटर. पोहता यावं लागतं, पण ऑलिंपिकसारखं नाही: कोणत्याही पद्धतीने न थांबता २०० मीटर, वेळेची अट नाही, आणि दहा मिनिटं तरंगणं.

थिअरी आणि पूल मुंबईत किंवा पुण्यात उरकून फक्त चार डाइव्ह परदेशात करता येतात. याला रेफरल म्हणतात, आणि सुट्टीचे दोन दिवस वाचतात. आणखी एक. वैद्यकीय फॉर्मवर दमा, हृदयविकार अशा एखाद्या प्रश्नाला ‘हो’ उत्तर असेल तर डॉक्टरची सही लागते. ती घरूनच घेऊन जावी, बेटावर त्या सकाळी डॉक्टर शोधत फिरायची वेळ येऊ नये.

‘जितकं खोल, जितकं नावाजलेलं, तितकं भारी’

१९४२ साली जपान्यांच्या हल्ल्यात सापडलेली दोन जहाजं बघा. बट्टिकलोआजवळची ब्रिटिश विमानवाहू नौका हर्मिस ९ एप्रिलला बुडाली. ती पन्नास मीटरहून खोल आहे, आणि हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर. म्हणजे आपल्यासारख्यांनी तिचं नाव ऐकून समाधान मानायचं. दुसरं अमेरिकन मालवाहू जहाज लिबर्टी. जानेवारीत टॉर्पेडो लागल्यावर ते ओढत आणून बालीतल्या तुलांबेनच्या किनाऱ्यावर लावलं. तिथे ते वीस वर्षं पडून होतं, आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात घसरून पाण्यात गेलं. आज त्याचा वरचा भाग पाच मीटरवर आणि तळ तीसच्या आसपास.

पहिल्या परदेशी सहलीसाठी मी तुलांबेनचंच नाव घेईन. बोट नाही, लागणं नाही. गावातल्या बायका टाक्या डोक्यावर घेऊन काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून झपाझप चालत येतात, तुम्ही त्यांच्यामागे धडपडत. लाट परतताना पायाखालचे गोटे सरकतात, म्हणून जाड तळव्याचे बूट हवेतच. अनवाणी घालायचे फिन्स इथे कामाचे नाहीत. किनाऱ्यापासून तीसेक मीटरवर जहाज सुरू होतं. सकाळी लवकर उतरावं, दहानंतर दक्षिण बालीहून आलेल्या गाड्यांची जत्रा भरते.

खोल गेल्याने मिळतं कमी. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो, वीस मीटरवर टाकीतली हवा पृष्ठभागापेक्षा तिप्पट वेगाने संपते, आणि प्रवाळाला उजेड लागत असल्याने त्याची खरी बहार वरच्याच पाण्यात असते. हवाच म्हटलं, कारण टाकीत निव्वळ ऑक्सिजन नसतो, साधी गाळलेली दाबलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो.

खोल पाणी म्हटलं की शार्क आठवतोच. त्याबद्दल एवढंच: विनाकारण चावल्याच्या घटना जगभरात वर्षाला साठ-सत्तर, आणि त्यांत सापडलेले बहुतेक सर्फर नाहीतर पोहणारे. डायव्हर तर पैसे मोजून शार्कच्या मागे जातात.

‘सकाळी शेवटची डाइव्ह, संध्याकाळी विमान’

ही चूक खरी महागात पडते. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो, आणि दाब एकदम कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाच्या केबिनमधला दाब दोन हजार मीटर उंचीच्या आसपासचा असतो. म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि रोज अनेक केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही.

विमानाचं बहुतेकांना ठाऊक असतं, डोंगराचं नाही. ‘श्रीलंका सात दिवस’ अशा सहलीत त्रिंकोमालीनंतर दुसऱ्याच दिवशी नुवारा एलिया असतं, समुद्रसपाटीपासून १८०० मीटरहून उंच. बालीत दुपारी डायव्हिंग आणि पहाटे बातूर पर्वतावर सूर्योदय, हे पॅकेज सर्रास विकलं जातं. शरीराला गाडीचा घाट आणि विमान यांत फरक कळत नाही. घाटाचे दिवस सहलीच्या सुरुवातीला घ्यावेत, समुद्र मग.

प्रवासी विम्याचं पान उघडून ‘साहसी खेळ’ हा शब्द शोधा. बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये स्कूबा वगळलेलं असतं, काहींत ठरावीक मीटरपर्यंतच धरलेलं असतं. नायट्रोजनच्या बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार होतात ते दाबाच्या विशेष कक्षात. तो प्रत्येक बेटावर नसतो, आणि तिथवर न्यायला बोट किंवा विमान लागलं तर त्याचं बिल उपचारांपेक्षा मोठं होऊ शकतं. डाइव्ह सेंटरला विचारायचा पहिला प्रश्न हाच: सर्वांत जवळचा कक्ष कुठे आहे, आणि तिथे पोचायला किती तास लागतात?