पायाखालचा पाषाण : शहाबादी फरशीवरचे नेचे

ओलांड बेटावरचा लालसर चुनखडक स्टॉकहोममधील जुन्या इमारतींच्या फरशीत बसवलेला असून, सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा असल्याने त्यात माकुळाच्या दूरच्या नात्यातील प्राण्यांची लांबट, कप्प्याकप्प्यांची कवचे चालता चालता दिसतात. धाराशिव जिल्ह्यातील जुन्या फरसबंदीत असे काही शोधू जाणाऱ्याच्या हाती सहसा निराशाच येते, आणि या निराशेचे कारण जीवाश्मांइतकेच उद्बोधक आहे.

नळदुर्गचा तट, परांड्याचा किल्ला किंवा जुन्या वाड्यांची जोती ज्या काळ्या पाषाणाची आहेत तो बेसॉल्ट होय, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून उसळलेला आणि थरावर थर साचत थिजलेला लाव्हा. हजार अंशांहून तप्त असलेल्या या रसात सापडलेल्या जिवाचा अवशेष टिकणे जवळजवळ अशक्यच होते. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात मात्र तळी साचली, त्यांच्या गाळात गोगलगायी व वनस्पती पुरल्या गेल्या आणि पुढच्या लाव्ह्याने तो गाळ झाकला. अशा थरांना आंतरट्रापी थर म्हणतात, आणि नागपूरजवळच्या टाकळीसारख्या ठिकाणचे त्यांतील जीवाश्म स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये अभ्यासकांपुढे मांडले. परंतु हा गाळ ठिसूळ असल्याने फरशीच्या कामाचा नाही. काळ्या चिऱ्यावर दिसणारे पांढरे, हिरवट वाटोळे ठिपके शिंपल्यांचे नव्हेत. लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे निघून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्यांत मागाहून झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारेची खनिजे भरली गेली, त्यांचे ते छेद आहेत.

खरी फसगत होते ती शहाबादी फरशीवर. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद हे सोलापूर-वाडी लोहमार्गावरचे गाव, आणि तिथला करडा चुनखडक मराठवाड्यात ओटा, अंगण, मंदिराचे आवार असा सर्वत्र पसरला आहे. उथळ समुद्रातील बारीक चुनखट चिखलाचे थर बसत जाऊन तो घडला असल्याने थरांच्या सांध्यात पहार घातली की तो सपाट सुटतो. अशा सुटलेल्या पृष्ठावर कधीकधी नेच्याच्या पानासारखी काळी, नाजूक नक्षी आढळते आणि पाहणारा ती वनस्पतीचा ठसा समजतो. वास्तविक सांध्यातून झिरपणाऱ्या पाण्यातील मँगनीज व लोहाची संयुगे तिथे साचून फांद्याफांद्यांनी वाढत गेली, इतकेच. या रचनेस द्रुमाकृती म्हणतात. फरशी ओली करून निरखल्यास नक्षीला मधली शीर नसते, तिच्या फांद्या पुष्कळदा एखाद्या चिरेपासूनच फुटलेल्या असतात, आणि कडेवरून पाहता तिला दखल घ्यावी अशी जाडीही नसते. शिवाय हा खडक ५० कोटी वर्षांहून जुना, तर नेचे पृथ्वीवर आले ते ४० कोटी वर्षांच्या अलीकडे, त्यामुळे वयाचा हिशेब मांडला तरी वाद मिटतो. या चुनखडकाच्या सोबतच्या, भीमा समूहातील शेलमध्ये, म्हणजे पापुद्र्यांच्या चिखली खडकात, शैवालाचे मानले जाणारे चुआरियाचे मिलिमीटरभर व्यासाचे कार्बनी ठिपके सापडले आहेत, पण त्यांच्यापुढे ही खोटी पाने फारच देखणी ठरतात.

ज्यांना या परिसरात हाडामांसाच्या प्राण्यांचेच अवशेष हवेत त्यांनी फरशी सोडून नदीकाठ धरावा. तेरणेला पोटात घेणाऱ्या मांजरा नदीच्या खोऱ्यात, लातूर जिल्ह्यातील हरवाडी येथे, दगडगोट्यांच्या घट्ट झालेल्या थरांतून हत्ती, पाणघोडे आणि रानटी गोवंशाची अश्मीभूत हाडे निघाली आहेत. ती प्लाइस्टोसीन काळातील, म्हणजे हिमयुगांच्या काळातील असून लाव्ह्याच्या मानाने अगदी अलीकडची आहेत. पाणघोड्याला बारमाही खोल पाणी लागते, हे ध्यानात घेतले की आज उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या मांजरेचे त्या वेळचे रूप कसे असावे याचा अंदाज त्या हाडांवरून बांधता येतो.