आधी कागद, मग शाई, शेवटी पेन

शाईचं पेन घ्यायचं मनात आलं की आपण थेट पेनच बघायला जातो. रंग बघतो, क्लिप बघतो, निबवरची सोनेरी नक्षी बघतो. घरी येऊन वहीत चार ओळी लिहिल्या की अक्षरं फुटतात, मागच्या पानावर उमटतात, आणि पेन खणात जाऊन पडतं ते पडतंच. अशी खणात पडलेली पेनं मी अनेक घरांत पाहिली आहेत. त्यातल्या बहुतेकांत काहीच बिघाड नव्हता, निवड फक्त उलट्या क्रमानं झाली होती. म्हणून इथे कागदापासून सुरुवात करू.

रोज ज्या वहीत किंवा रजिस्टरमध्ये आपण लिहितो, ती वही समोर घ्यावी. कागद तयार होताना त्याला खळ देतात, साडीला देतो तशीच. खळ चांगली असली की शाई कागदावर बसते आणि जागेवर वाळते. खळ कमी असली की शाई कागदाच्या तंतूंतून धावते आणि अक्षराच्या कडेला केसांसारखे फाटे फुटतात. ओळखीच्या कुणाचं शाईचं पेन मागून शेवटच्या पानावर ‘घ’, ‘ध’, ‘भ’ लिहावेत आणि पान उलटून बघावं.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. जाड कागद म्हणजे चांगला कागद, असं आपण धरून चालतो. जाडीमुळे शाई मागे उमटायची थांबते, फुटायची थांबतेच असं नाही. झेरॉक्सच्या ७५ ग्रॅमच्या कागदावर शाई फुटलेली आणि त्याहून पातळ वहीवर नीट बसलेली मी पाहिली आहे. म्हणून दुकानात सहा वह्या एकदम घेऊ नयेत. एक आणावी, लिहून बघावं, मग बाकीच्या आणाव्यात.

आता शाई. मराठी घरांत शाई म्हटलं की कॅमलची बाटली डोळ्यांसमोर येते. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत हा उद्योग सुरू केला तो ‘हॉर्स ब्रँड’ नावाच्या शाईच्या पुडीनं आणि गोळ्यांनी. गोळी पाण्यात विरघळवली की शाई तयार. पेनमध्ये घालायची शाई आजही मुळात तीच आहे: पाणी आणि त्यात पूर्ण विरघळलेला रंग. ‘पूर्ण विरघळलेला’ हे शब्द लक्षात ठेवावेत, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

रोजच्या टिपणांसाठी रॉयल ब्लू उत्तम. ती वाहती असते, पेन तुंबवत नाही, कपड्यावर पडली तर बऱ्यापैकी निघते. पण जी शाई सदऱ्यावरून निघते, ती चेकवरूनही निघते. सही, अर्ज, पावती, घरचा हिशेब यांसाठी पाण्यानं न जाणारी काळी किंवा निळी-काळी शाई ठेवावी.

निळ्या-काळ्या शाईची जुनी रीत आपल्या नगर जिल्ह्याशी नातं सांगणारी आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरांत हिरडा होतो. हिरड्याचा तुरट अर्क आणि हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, एकत्र आले की शाई बनते. लिहिताना ती फिकट दिसते आणि हवेतला प्राणवायू लागला की कागदावरच काळी होत जाते. आजच्या काही निळ्या-काळ्या शाया (सगळ्या नव्हेत) याच तत्त्वावर सौम्य करून बनवतात. अशी शाई आम्लधर्मी असते. ती पेनमध्ये महिनोन्‌महिने ठेवली तर स्टीलची निब खायला लागते, म्हणून दर पंधरा दिवसांनी पेन धुवावं. घरी केलेली हिरड्याची शाई बोरूनं जरूर वापरावी, पेनमध्ये मात्र भरू नये. तिचा साका तळाशी बसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक दुकानाच्या फळीवर होते. पेनच्या शाईशेजारीच चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई ठेवलेली असते. बाटली जवळजवळ तशीच, रंग तोच. पण तिच्यात बारीक काजळी असते आणि ती कागदाला चिकटावी म्हणून लाख किंवा तसलाच चिकट पदार्थ असतो. शाळेत असताना मी ती माझ्या पेनमध्ये भरली होती. दोन दिवस इतकं काळंभोर लिहिलं गेलं की मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी आत सगळं सिमेंटसारखं घट्ट झालं. ते पेन परत कधी चाललं नाही, आणि मला ते अजून आठवतं. लेबलवर ‘फाउंटन पेनसाठी’ असं लिहिलेलं असेल तरच ती बाटली घ्यावी.

मग येते निब. लिहिताना निबच्या खाली जो काळा, खाचा पाडलेला तुकडा दिसतो, त्याला जीभ म्हणतात. कंदिलाच्या वातीत रॉकेल आपसूक चढतं, तशी जिभेच्या बारीक खाचेतून शाई निबच्या टोकापर्यंत येते. जेवढी शाई बाहेर जाते, तेवढी हवा त्याच वाटेनं आत शिरते. हा सारखा चालणारा देवघेवीचा व्यवहार आहे. पेनची जवळजवळ प्रत्येक तक्रार इथूनच निघते: एक तर शाईची वाट अडते, नाहीतर हवा जास्त होते.

देवनागरीला रुंद निब जपून वापरावी. आपल्या अक्षरांत बंद पोटं फार. निब रुंद आणि शाई वाहती असली की ‘ध’ची गाठ भरून जाते, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक पुसट होतो, अनुस्वाराच्या जागी थेंब बसतो. शब्द लिहून झाल्यावर आपण शिरोरेषा ओढतो. ती ओल्या कान्यांवरून जाते आणि प्रत्येक जोडावर शाई गोळा होते. एका रेघी वहीत लिहायचं असेल तर बारीक, म्हणजे ‘फाइन’ निब घ्यावी. सही आणि पत्रं यांसाठी ‘मीडियम’.

आणि आता पेन. तास-दोन तास सलग लिहिणार असलो तर हलकं पेन घ्यावं, आणि टोपण मागे न खोचता लिहून बघावं. नगरच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हातानं, सुमारे हजार पानं. तितकं नाही, पण रोज चार पानं लिहिणाऱ्यालाही जड पितळी पेनाचा भार आठवड्याभरात बोटांच्या सांध्यांत कळतो. भारतीय हातघडणीची पेनं बहुधा एबोनाइटची असतात. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. हाताला ऊबदार, वजनाला हलकं. राजमहेंद्रीचे पेन-कारागीर रत्नम यांनी असंच स्वदेशी पेन गांधीजींना दिलं होतं, आणि ते मिळाल्याचं पत्र गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून पाठवलं.

शाई भरायच्या पद्धती मुख्यतः दोन. एकात पेनची नळी हीच टाकी असते, ड्रॉपरनं थेट भरायची. दुसऱ्यात आत कन्व्हर्टर असतो, म्हणजे दट्ट्या असलेली छोटी नळी, पिचकारीसारखी शाई ओढून घेणारी. ड्रॉपरच्या पेनात शाई तिपटीनं मावते. पण प्रवास फार असेल तर माझं मत कन्व्हर्टरच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण माळशेज घाट.

मुंबई-कल्याणकडून हा घाट चढून नगरला येताना आपण समुद्रसपाटीवरून साधारण ६५० मीटर वर येतो. इतक्या चढाला हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. तीन मिलि शाईच्या पेनमध्ये एकच मिलि शाई उरली असेल, तर आत दोन मिलि हवा आहे. दाब उतरला की ती फुगते आणि तीनएक थेंब शाई बाहेर ढकलते. ते तीन थेंब टोपणात जातात आणि टोपण उघडताच बोटांवर येतात. पेनमध्ये काही बिघडलेलं नसतं. कन्व्हर्टरची नळी छोटी, म्हणून तिच्यात फुगायला हवाही थोडीच असते. निघण्यापूर्वी पेन काठोकाठ भरावं किंवा पूर्ण रिकामं करावं, आणि निब वर करून खिशाला लावावं. थंडीत सकाळी गार पेन हातात धरल्यावर अचानक डाग पडतो, तोही याच कारणानं: हाताच्या उबेनं आतली हवा फुगते. टाकी अर्ध्यावर आली की भरून घेतली, तर हा त्रास बराच कमी होतो.

ड्रॉपरचं पेन पहिल्यांदा भरण्याआधी आट्यांना सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावावं. व्हॅसलीन नको, त्यानं रबरी कडी फुगते. नवं पेन आधी धुवावंच. कारखान्यातलं तेल आत राहिलेलं असतं आणि तेलावरून शाई सरकून जाते. मग पेन दोन अक्षरं लिहितं, तिसरं गाळतं. कपभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पुरे. गरम पाणी टाळावं, एबोनाइट त्यानं हिरवट-तपकिरी पडतं.

धुवायला पाणी कोणतं, हा आपल्याकडे मोठा प्रश्न. बोअरचं पाणी जड असतं. भांड्यांवर पांढरे डाग सोडणारे तेच क्षार जिभेच्या खाचेत बसतात. फिल्टरचं पाणी चालेल. शेवटची धुलाई पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्यानं करावी. ते क्षार काढलेलं किंवा ऊर्ध्वपातित पाणी असतं. बाटली घेताना ते पाणीच आहे, अॅसिड नाही, हे नीट वाचून घ्यावं.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टोपण घट्ट बसत नसेल तर शाईतलं पाणी उडतं आणि रंग दाट होतो. पेन अडलं की आपण ते झटकतो किंवा निब कागदावर दाबतो. दाबल्यानं निबचे दोन्ही पाय फाकतात आणि सहसा पूर्वपदावर येत नाहीत. त्यापेक्षा निब पाण्यात क्षणभर बुडवून फडक्यानं टिपावी. दोन रंगांच्या शाया एकमेकींत मिसळायच्या असतील तर आधी वाटीत मिसळून रात्रभर ठेवाव्यात. तळाशी साका दिसला तर तो बेत सोडून द्यावा.

महिन्यातून एकदा, आणि शाईचा रंग बदलताना दर वेळी, पेन उघडून पांढऱ्या कपात पाणी घ्यावं आणि निबचा भाग त्यात सोडावा. खाचेतून निळा धागा सावकाश खाली उतरताना दिसतो. पाणी बदलत राहावं. धागा दिसेनासा झाला तरी लगेच भरू नये. निब खाली करून टीपकागदावर रात्रभर उभं ठेवावं. सकाळी कागदावर फिकट निळा डाग दिसला तर आत अजून शाई आहे, पुन्हा धुवावं. नुसती पाण्याची ओल दिसली, तर ती वाळू द्यावी आणि नवी शाई भरावी.