मोतीबिंदूची लेन्स : व्यापाऱ्याने काय पाहून निवडावी?

गेल्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाला काळा म्हणून मी गडद निळा तागा फाडून दिला. माल परत आला, कापड वाया गेले. दोष गुमास्त्याचा नव्हता, माझ्या डोळ्यांचा होता. मोतीबिंदूत डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळट व धूसर होत जाते, त्यामुळे निळ्या-काळ्यातला फरक पुसट होतो. कापड, जरी, नगिने यांच्या धंद्यात हे थेट नुकसान आहे.

याला औषध किंवा थेंब नाहीत. ऑपरेशन करून धूसर भिंग काढावे लागते व त्या जागी कृत्रिम लेन्स बसवतात. अशी पहिली लेन्स 1949 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी बसवली. आज अडचण लेन्स मिळण्याची नाही, निवडण्याची आहे. ती आयुष्यभर डोळ्यात राहणार. कापडासारखी बदलून मिळत नाही.

प्रथम दुकानातली अंतरे समजून घ्या. रस्ता व वरचे फळे म्हणजे दूर. गल्ल्यावरचा कॉम्प्युटर, काउंटरवर पसरलेले कापड म्हणजे मधले अंतर, सुमारे दोन-सव्वादोन फूट. वही, सुई, मोबाईल म्हणजे जवळ, सव्वा फुटाच्या आसपास.

साधी मोनोफोकल लेन्स एकाच अंतरासाठी असते. बहुधा ती दूरचे स्पष्ट दाखवते. मधल्या व जवळच्या कामाला चष्मा लागतो. मल्टिफोकल लेन्स प्रकाश वाटून दूरचे व जवळचे दोन्ही दाखवते, पण रात्री दिव्याभोवती वलये दिसू शकतात आणि रंगछटांतला बारीक फरक थोडा कमी जाणवू शकतो.

या दोहोंच्या मध्ये सुधारित मोनोफोकल लेन्स आली आहे. जॉन्सन अँड जॉन्सनची टेक्निस आयहान्स 2019 मध्ये युरोपात व 2021 मध्ये अमेरिकेत आली. तिच्यात वलये कोरलेली नाहीत; कडेकडून मध्याकडे नंबर हळूहळू वाढत जातो. रेनर कंपनीची रेवन ईएमव्ही ही लेन्स भिंगाच्या गोलाईतून तेच साधते. दुसऱ्या डोळ्याचा नंबर थोडा जवळचा ठेवून चष्म्याची गरज आणखी कमी करता येईल, हे ध्यानात घेऊन ती बनवली आहे. रिडले यांची पहिली लेन्स याच रेनर कंपनीने घडवली होती. होया कंपनीची विविनेक्स इम्प्रेसही याच वर्गातली आहे.

मालातही फरक आहे. आयहान्स व इम्प्रेस पाणी न शोषणाऱ्या ॲक्रिलिकच्या आहेत, रेवन ईएमव्ही पाणी धरणाऱ्या ॲक्रिलिकची. लेन्समागील पडदा पुढे धूसर होण्याचे प्रमाण पहिल्या प्रकारात सर्वसाधारणपणे कमी आढळते. तसे झाले तरी लेसरने तो साफ करता येतो.

आता नफा-तोटा. सुधारित लेन्सचा फायदा मधल्या अंतरावर, डॉक्टरांच्या तक्त्यावरील साधारण एका ओळीचा आहे. रात्रीच्या दिव्यांचा त्रास साध्या लेन्सइतकाच राहतो. मात्र सुई ओवणे, जरीकाम, बारीक अक्षर यांना चष्मा लागणारच. ‘चष्मा कायमचा सुटेल’ असे कोणी सांगत असेल, तर तो सौदा नीट तपासा.

म्हणून काउंटरवर किंवा कॉम्प्युटरपुढे दिवस काढणाऱ्याने जादा पैशांचा विचार जरूर करावा. दिवसभर बारीक काम करणाऱ्या कारागिराला मात्र त्यातून फारसे मिळणार नाही. त्याने डॉक्टरांशी जवळचा नंबर ठेवण्याविषयी बोलावे. साधी लेन्स म्हणजे हलका माल नव्हे. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून स्वस्त लेन्स बनवून असंख्य गरिबांची नजर परत आणली. सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होते. कर्ज काढून महाग लेन्स घेण्याची गरज नाही.

ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा : माझ्या पडद्याला मधुमेहाची इजा आहे का? कारण पडदा खराब असेल तर कोणतीही लेन्स पूर्ण नजर देणार नाही. आडवा नंबर असल्यास टोरिक लेन्स लागेल का? पॅकेजमध्ये नेमकी कोणती लेन्स आहे? आणि लेन्सचे नाव, नंबर व अनुक्रमांक असलेले स्टिकर मला मिळेल का?

ते स्टिकर पक्क्या बिलासारखे जपून ठेवा. आणि डॉक्टरांना आपला धंदा, हातातले काम व त्याचे अंतर स्वतःहून सांगा. माप दिल्याशिवाय शिंपीसुद्धा कपडा बेतत नाही.