तिकीट हातात, जागा मात्र नाही!

आमच्या वसाहतीतील एक तरुण गेल्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होता. दिल्लीला सरकारी नोकरीसाठी त्याच्या कागदपत्रांची तपासणी होती, सकाळी दहा वाजता. रेल्वेचे आरक्षण मिळेना, तेव्हा आईने भिशीचे पैसे उचलले आणि मुंबईहून दिल्लीचे विमानाचे तिकीट काढून दिले. विमान आदल्या रात्री नऊचे. मुलगा साडेसातला काउंटरच्या रांगेत उभा होता. इस्त्रीचा शर्ट, काखेत सर्टिफिकिटांची फाईल.

काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिले, वरिष्ठाला बोलावले. वरिष्ठ म्हणाला, "सर, फ्लाइट फुल झाली आहे. उद्या सकाळच्या विमानाने तुम्हाला नक्की पाठवतो. इथे सही करा." पुढे एक छापील इंग्रजी कागद. मागे रांग खोळंबलेली. पोराने सही केली आणि रात्र विमानतळावरच्या खुर्चीत काढली. दुसऱ्या दिवशी तो दिल्लीच्या त्या कार्यालयात पोहोचला तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. हातापाया पडल्यावर अधिकाऱ्यांनी कागद तपासले, हे त्याचे नशीब.

परत आल्यावर त्याच्या आईने तो कागद आमच्याकडे वाचायला आणला. त्यात लिहिले होते, "मी माझी जागा स्वखुशीने सोडीत आहे." त्या एका ओळीमुळे तो पोरगा कायद्याने मिळणाऱ्या भरपाईला मुकला होता. म्हणूनच हा लेख लिहिण्याचे आम्ही ठरवले. आज आपल्या घरातील मुले परीक्षेला, मुलाखतीला, नोकरीवर हजर व्हायला विमानाने जाऊ लागली आहेत. तिकीट कसे काढावे हे त्यांना कळते. तिकीट असून जागा नाकारली तर काय करावे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पंगतीचा हिशोब

असे होतेच कसे? जागा तेवढीच तिकिटे, हा साधा हिशोब आहे. मग जास्त तिकिटे विकली जातात कशी?

याचे उत्तर आपल्या लग्नघरात सापडेल. पाचशे पत्रिका वाटल्या म्हणून कोणी पाचशे पाने मांडत नाही. काही येणार नाहीत, हे गृहीत धरूनच आचाऱ्याला आकडा सांगितला जातो. विमान कंपन्याही तोच अंदाज बांधतात. समजा विमानात १८० जागा आहेत आणि दर शंभर प्रवाशांमागे पाच जण ऐनवेळी येत नाहीत. १८० तिकिटे विकली तर सरासरी नऊ खुर्च्या रिकाम्या उडतील. विमान एकदा उडाले की रिकामी खुर्ची पुन्हा विकता येत नाही. म्हणून कंपनी १८५ तिकिटे विकते. याला ओव्हरबुकिंग म्हणतात. बहुतेक दिवशी अंदाज बरोबर येतो. ज्या दिवशी सगळेच येतात, त्या दिवशी पाच जणांना मागे राहावे लागते.

येथे रेल्वेची आठवण होते. रेल्वे निदान उघडपणे सांगते. तिकिटावर प्रतीक्षा यादीचा क्रमांक असतो, आरएसी लिहिलेले असते. आपण किती पाण्यात आहोत हे प्रवाशाला घरूनच कळते. विमान कंपनी मात्र १८५ जणांनाही "कन्फर्म" असेच छापून देते. त्यातले पाच कोण, हे काउंटरवर गेल्यावर कळते.

लग्नात पाहुणे जास्त आले तर यजमान दुसरी पंगत बसवतो, हात जोडून थोडे थांबायला सांगतो. पानावर बसलेल्याला कोणी उठवीत नाही. पंगतीतून उठवणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. पैसे मोजून, वेळेवर येऊन उभ्या असलेल्या माणसाला बाजूला काढले जाते, तेव्हा प्रश्न फक्त उशिराचा राहत नाही. तो मानाचा होतो. आणि बाजूला कोणाला काढले जाते? महागडे तिकीट घेणारा, नेहमी त्याच कंपनीने फिरणारा सहसा वाचतो. सर्वात स्वस्त तिकिटाचा, ज्याला अजून आसन क्रमांक मिळालेला नाही असा प्रवासी पहिला सापडतो.

एका माणसाने कोर्टात नेले

हा प्रश्न जगात नवा नाही. अमेरिकेत १९७२ साली राल्फ नेडर यांना असेच विमानात घेतले नाही. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे हे गृहस्थ वॉशिंग्टनहून हार्टफर्डला सभेसाठी निघाले होते. तिकीट पक्के होते, पण अलेगेनी एअरलाइन्सने जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली होती. नेडर गप्प बसले नाहीत. जास्त तिकिटे विकल्याचे लपवणे ही प्रवाशाची फसवणूक आहे, असा दावा त्यांनी लावला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, असा दावा न्यायालयात चालू शकतो.

त्याआधी १९६८ मध्ये ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती सुचवली होती. जागा कमी पडल्या तर प्रवाशांनाच विचारा की, पुढच्या विमानाने जायला तुम्ही किती पैसे घ्याल? जो सर्वात कमी मागेल त्याला पैसे द्या आणि थांबवा. म्हणजे ज्याला घाई आहे तो जाईल, ज्याला नाही तो खुशीने थांबेल. कंपन्यांनी त्यांची चेष्टा केली. पण दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकी सरकारने तत्त्व म्हणून तेच स्वीकारले. आधी स्वेच्छेने जागा सोडणारे शोधा, मगच कोणाला सक्तीने मागे ठेवा.

हे तत्त्व पाळले नाही की काय होते, तेही जगाने पाहिले. एप्रिल २०१७ मध्ये शिकागो येथे युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात प्रवासी बसून झाले होते. कंपनीला तिच्या चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. ८०० डॉलरपर्यंत देऊ केले, कोणी उठेना. तेव्हा रक्कम वाढवण्याऐवजी कंपनीने चार नावे काढली. त्यातील एक ६९ वर्षांचे डॉक्टर उठायला तयार नव्हते. सुरक्षा कर्मचाऱ्यांनी त्यांना खुर्चीतून ओढून फरफटत बाहेर नेले. त्यांचे नाक फुटले, पुढचे दोन दात पडले. सहप्रवाशांनी घेतलेली चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्यानंतर त्याच कंपनीने जागा सोडणाऱ्यास १०,००० डॉलरपर्यंत देण्याचे जाहीर केले. २०२१ मध्ये अमेरिकेत नियम झाला की, जास्त तिकिटे विकली या कारणाने विमानात बसलेल्या प्रवाशाला उतरवता येणार नाही.

आपल्याकडचा नियम

आपल्या देशात विमान वाहतुकीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, अंमल चालतो. प्रवाशाला विमानात चढू न देणे, विमान रद्द होणे व उशीर होणे यासंबंधीचे नियम त्यांनी २०१० मध्ये केले. तेव्हा भरपाई जास्तीत जास्त ४,००० रुपये होती. १ ऑगस्ट २०१६ पासून ती बरीच वाढली. आज जागा नाकारल्यास नियम असा आहे.

प्रवाशाचे तिकीट पक्के असले पाहिजे आणि तो ठरलेल्या वेळेत हजर झालेला असला पाहिजे. जागा कमी पडल्यास कंपनीने प्रथम स्वेच्छेने जागा सोडणारे विचारलेच पाहिजेत. त्याबदल्यात काय द्यायचे ते कंपनी ठरवते. कोणी तयार झाले नाही आणि एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध मागे ठेवले, तर:

मूळ विमानाच्या वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात जागा दिली, तर भरपाई नाही.

एका तासानंतर पण २४ तासांच्या आत सुटणाऱ्या विमानात जागा दिली, तर एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन आकार यांच्या दुप्पट रक्कम, कमाल १०,००० रुपये.

२४ तासांनंतरच्या विमानात जागा दिली, तर त्याच बेरजेच्या चौपट, कमाल २०,००० रुपये.

प्रवाशाला दुसरे विमान नकोच असेल, तर तिकिटाचे सर्व पैसे परत आणि शिवाय चौपट रक्कम, कमाल २०,००० रुपये.

आमच्या त्या तरुणाचे मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून ४,००० रुपये होते. म्हणजे त्याला काउंटरवरच ८,००० रुपये मागता आले असते. आईची भिशी फिटून वर पैसे उरले असते. पण त्याला सक्तीने थांबवले असे कागदावर कोठेच नाही. कागद म्हणतो, तो स्वखुशीने थांबला.

नियम आहे म्हणून तो पाळला जातोच असे नाही. जून २०२२ मध्ये डीजीसीएने एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड केला. वैध तिकीट घेऊन वेळेवर आलेल्या प्रवाशांना चढू दिले नाही आणि नियमाप्रमाणे भरपाईही दिली नाही, हे त्याचे कारण. असा दंड सरकारच्या तिजोरीत जातो. प्रवाशाचे पैसे प्रवाशानेच मागावे लागतात.

या नियमात आम्हाला एक उणीव दिसते. भरपाई भाड्याशी बांधलेली आहे. जो स्वस्तात गेला त्याला कमी मिळते. युरोपीय संघाने २००४ च्या कायद्यात भरपाई अंतरावर ठरवली, २५०, ४०० आणि ६०० युरो. तिकीट कितीला घेतले हे तेथे विचारले नाही. हेच आम्हाला न्याय्य वाटते. तिकीट स्वस्त असले म्हणून माणसाची मुलाखत स्वस्त होत नाही.

काउंटरवर काय करावे?

वाचक भगिनी-बंधूंनो, पुढील गोष्टी घरातील मुलामुलींना जरूर वाचून दाखवा.

१) बहुतेक कंपन्यांत प्रवासाच्या ४८ तास आधी मोबाइलवरून चेक-इन करता येते. ते लगेच करून आसन क्रमांक मिळवावा. ज्याच्या हातात आसन क्रमांक आहे, त्याला मागे ठेवणे अवघड जाते.

२) देशांतर्गत विमानाचे काउंटर साधारण सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होते. त्यानंतर आलात तर दोष तुमचा ठरतो आणि हक्क जातो. दोन तास आधी पोहोचावे.

३) "जागा नाही" असे सांगितले तर आवाज न चढवता विचारावे, "हे डिनाइड बोर्डिंग आहे का? तुम्ही आधी स्वेच्छेने थांबणारे विचारले का?" हे दोन प्रश्न ऐकले की समोरचा सावध होतो.

४) न वाचता सही करू नये. इंग्रजी कळत नसेल तर वाचून सांगायला लावावे किंवा घरी कोणाला तरी फोटो पाठवावा. "व्हॉलंटरी" हा शब्द दिसला तर थांबावे. त्याचा अर्थ स्वखुशीने. खुशी नसेल तर सही नाही.

५) जागा नाकारल्याचे, कारणासह, लेखी मागावे. ते पत्र भरपाईसाठी लागते. परीक्षा केंद्रावर किंवा कार्यालयात उशिराचे कारण दाखवायलाही तेच उपयोगी पडते.

६) पैशांऐवजी कूपन देऊ केले तर ते घेण्याची सक्ती नाही. भरपाई रोख किंवा बँकेत मागता येते.

७) तिकीट, सामानाची चिठ्ठी, खाण्यापिण्याची व रिक्षा-टॅक्सीची बिले, सर्व जपून ठेवावे.

कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा या पोर्टलवर तक्रार करता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. डीजीसीएची कमाल रक्कम म्हणजे शेवटचा शब्द, असेही समजू नये. ती मर्यादा असली तरी प्रवासी ग्राहक मंचात जास्त भरपाई मागू शकतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

शेवटी

त्या तरुणाच्या वतीने आम्ही कंपनीला पत्र लिहिले. "प्रवाशाने स्वखुशीने जागा सोडली आहे," असे उत्तर चार ओळींत आले. सोबत त्याच कागदाची प्रत जोडलेली. आता त्याने जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली आहे. त्यात त्याने स्वतःच्या हाताने मराठीत लिहिले आहे, "मला कोणी विचारले नाही. मला सांगितले गेले." पुढची तारीख पडली आहे. निकाल काय लागेल ते आज सांगता येणार नाही.

नोकरी मात्र त्याला मिळाली. पहिला पगार झाला तेव्हा आईला विमानाने फिरवून आणायचे त्याने ठरवले. आईची एकच अट होती, "सही करायची वेळ आली तर आधी मला वाचून दाखव."

ती माउली चौथी शिकलेली आहे. पण जे आम्हाला दोन पाने लिहून सांगावे लागले, ते तिने एका वाक्यात सांगितले.